क्यू ७ चं उजवं नाक खाली: हाइट सेन्सर कॅलिब्रेशनबद्दल मदत हवी आहे

पिंपळपान

मंडळी, नमस्कार. पुण्यात एक वापरलेली ऑडी क्यू ७ (पहिली पिढी, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर उभी राहणारी) घेतली आहे. पावसाळ्याआधी उजव्या पुढच्या चाकाचे आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) बदलून घेतले, कारण त्यांचे रबरी बुश पार गेले होते. तेव्हापासून गाडी उजवीकडे झुकल्यासारखी दिसते. समोर उभं राहून पाहिलं की उजवं नाक खाली आहे हे पोरगंसुद्धा सांगतं. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा नाही. लिफ्ट मोड, डायनॅमिक मोड सगळं चालतं, गाडी वर-खाली होते, पण होते ती तिरकीच.

ज्या गॅरेजने काम केलं त्यांचं म्हणणं, "सेन्सर गेलाय, नवीन टाका. नाही बसलं तर स्ट्रट (चाकावरचा हवेचा स्प्रिंग-शॉक) बदलू." स्ट्रटचा भाव ऐकून घाम फुटला. दुसऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, "फक्त कॅलिब्रेशन करा, अर्ध्या तासाचं काम आहे." आता खरं कुणाचं मानू? आणि कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय करतात? लॅपटॉप लावून गाडी आपोआप सरळ होते का?

इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

खडूस_आजोबा

मी पयला!

आमच्या अल्टोला असली भानगड नाही. नाक खाली असेल तर पुढे बसलेल्या मेव्हण्याला मागे बसवतो. (दिवे घ्या.)

निवांत_नाशिक

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडे एअरमॅटिकवाली (मर्सिडीजचं हवेवरचं सस्पेन्शन) जुनी ई-क्लास आहे, कधी ना कधी हे माझ्याही वाट्याला येणार.

तांबडा_रस्सा

पिंपळपान भाऊ, मी कोल्हापुरात बसच्या वर्कशॉपमध्ये असतो. तुमच्या गाडीसारखी गाडी हाताखालून फारशी गेलेली नाही, पण हवेवरचं सस्पेन्शन म्हणजे आमची रोजची भाकरी. एक गोष्ट आधी सांगतो, बाकीचं नंतर.

हवेवर उभ्या असलेल्या गाडीच्या खाली डोकं घालायचं नाही. हातही नाही. चाकाच्या कमानीत टेप घेऊन वाकलात आणि तेवढ्यात कुणी दरवाजा आपटला, गाडी जागी झाली आणि तिने हवा सोडली, तर बोटं कमानीत अडकतील. बसमध्ये बलून बसला की चेसी टायरवर येते, मध्ये माणसाला जागा राहत नाही. आमच्याकडे स्टँड लावल्याशिवाय कुणाला खाली सोडत नाही, मग तो कितीही घाईत असो. तुमच्या गाडीत जॅक मोड असतो (गाडीचं आपोआप वर-खाली होणं थांबवणारा), तो चालू करूनच काय ते करा. आणि खाली जायचं असेल तर स्टँड हवेतच.

आता मुद्द्याचं. आर्म बदलल्यावर तिरकी झाली म्हणताय. सेन्सरचा दांडा आर्मला जोडलेला असतो. आर्म खोलला, दांडा काढला, परत लावला. ब्रॅकेट एखाद मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की झालं. सेन्सर बिचारा ठणठणीत असतो, फक्त त्याचा शून्य हललेला असतो. बसमध्ये लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या (उंची बघून हवा भरणाऱ्या-सोडणाऱ्या) दांड्याचं असंच होतं. दांड्याची लांबी थोडी बदलली की बस उचलून बसते नाहीतर दबून बसते, आणि पोरं बलून बदलायला निघतात.

चाकोरीबाहेर

तांबडा_रस्सा यांना +१, विशेषतः बोटांबद्दल.

मी भोसरीत मोजमापाच्या कामात आहे. गाडीची मेकॅनिक नाही, पण "उपकरण खोटं बोलतंय की वस्तूच वाकडी आहे" हा प्रश्न रोज सोडवते, म्हणून लिहिते.

सेन्सरला उंची कळत नाही. त्याला त्याच्या छोट्या दांड्याचा कोन कळतो, आणि त्या कोनाप्रमाणे तो सिग्नल देतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरांत हा सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान फिरतो. अमुक सिग्नल म्हणजे अमुक मिलिमीटर, हे कंट्रोलरला (सस्पेन्शन चालवणाऱ्या संगणकाला) कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे कॅलिब्रेशन. तुम्ही टेपने खरी उंची मोजता, ती आकड्यात भरता, आणि कंट्रोलर म्हणतो, "बरं, या क्षणी येणारा सिग्नल म्हणजे ही उंची." त्यानंतर त्याला कळतं की गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा इतकी खाली किंवा वर आहे, आणि तो हवा भरतो किंवा सोडतो.

लॅपटॉप लावल्यामुळे गाडी सरळ होत नाही. खरा आकडा भरला तरच होते. चुकीचा भरला तर कंट्रोलर तितक्याच इमानदारीने गाडी वाकडी करून ठेवतो, आणि दिवाही लागत नाही. तुमच्या डॅशबोर्डवर दिवा का नाही, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.

पण कॅलिब्रेशनच्या आधी तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. मॅन्युअलमध्ये दिलेली उंची, स्कॅनरवर कंट्रोलर दाखवतो ती उंची, आणि टेपवर येणारी उंची, प्रत्येक चाकाची.

कंट्रोलर म्हणतोय सगळं ठीक आणि टेप म्हणतेय खाली: सेन्सरची शिकवण चुकलेली आहे. हे कॅलिब्रेशनचं काम.

कंट्रोलरलाही दिसतंय की कोपरा खाली आहे, पण त्याला तो उचलता येत नाहीये: हवेचं दुखणं. गळती, व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या चाकाला हवा द्यायची ते ठरवणारा), कम्प्रेसर. इथे कॅलिब्रेशन करणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलणं.

पिंपळपान

ताई, एकदम मुद्द्याचं लिहिलंत. माझ्या मित्राकडे व्हीसीडीएसची (लॅपटॉपवरून गाडीचे कंट्रोलर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल आहे, त्याला आज बोलावतो. उंची कुठून कुठे मोजायची? जमिनीपासून फेंडरपर्यंत?

धुकं_आणि_चहा

जमिनीपासून नको! मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, जुनी डिस्कव्हरी ३ बाळगतो. सॉलिहलला ती बनायची, घरापासून लांब नाही. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सेन्सरच्या दांड्यांचे बॉल जॉइंट गंजणं हा आमच्याकडचा सार्वजनिक छंद आहे.

मोजायचं ते चाकाच्या केंद्रापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, सरळ उभ्या रेषेत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा दोन्ही आकड्यात घुसतात, आणि कंट्रोलरला टायरशी काही देणंघेणं नाही.

कॅलिब्रेशनच्या आधी दांडा हाताने हलवून बघा. बॉल जॉइंट खुळखुळत असेल तर तो आधी बदला, नाहीतर आज भरलेला आकडा पुढच्या खड्ड्यात खोटा ठरतो. अजून एक, गाडी जॅकवर उचलून चाक लोंबकळत ठेवलं की काही गाड्यांत सेन्सरचा दांडा उलट्या बाजूला पलटी खातो. मग गाडी वर गेली की सेन्सर सांगतो खाली गेली. आर्मचं काम करताना हे सहज होऊ शकतं. तुमच्या गाडीत तसं असतं तर लक्षणं जास्त भयंकर दिसली असती, पण डाव्या-उजव्या दांड्यांची दिशा एकदा ताडून पाहा.

मोजताना सगळे दरवाजे बंद ठेवा. आमच्या गाडीत दरवाजा उघडा असला की लेव्हलिंग थांबतं. लोक दार उघडं टाकून मोजत बसतात आणि म्हणतात गाडी हलत का नाही.

निवांत_नाशिक

मर्सिडीजमध्ये वेगळी पद्धत ऐकली आहे. कमानीपासून मोजत नाहीत म्हणे. खरं का?

चाकोरीबाहेर

खरं आहे. मर्सिडीजच्या पद्धतीत कंट्रोल आर्मचा कोन मोजतात. रोमेस नावाचा खास इनक्लिनोमीटर (कोनमापक) असतो, तो आर्मवर ठेवायचा आणि आलेला कोन डायग्नॉस्टिक सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. माझ्या मते ही पद्धत जास्त शहाणपणाची. आर्म म्हणजे सस्पेन्शनचाच भाग, कमान म्हणजे पत्रा. पत्र्याचं काय काय होऊ शकतं हे आपल्या शहरातल्या वाहतुकीत वेगळं सांगायला नको.

पिंपळपान, तुमच्या गाडीचा पुढचा फेंडर कधी बदललाय का? मागच्या मालकाच्या हातून?

पिंपळपान

उजवा फेंडर बदललेला आहे, विक्रेत्याने तसं सांगितलं होतं. रंगाची जाडीही वेगळी येते. पण त्याचा उंचीशी काय संबंध?

आजचे आकडे देतो. मित्राने केबल लावली, नॉर्मल उंचीवर गाडी स्थिर होऊ दिली. कंट्रोलर चारही कोपऱ्यांवर ४-५ मिमीच्या आत फरक दाखवतोय, म्हणजे त्याच्या लेखी सगळं आलबेल. फॉल्ट कोड नाही. टेपने मात्र उजवं पुढचं मॅन्युअलपेक्षा २२ मिमी कमी, डावं पुढचं ३ कमी, उजवं मागचं १ कमी, डावं मागचं ३ जास्त. रात्रभर जॅक मोडवर ठेवून सकाळी परत मोजलं, आकडे होते तिथेच. म्हणजे गळती नाही, बरोबर ना?

बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये मोजलं, फरशी सपाट आहे.

चाकोरीबाहेर

रात्रभरात हलली नाही, म्हणजे हवेच्या बाजूने बहुधा निर्धास्त. कंट्रोलरला दिसत नाही आणि टेपला दिसतंय, म्हणजे शिकवण चुकली आहे. इथपर्यंत छान.

पण तुमचे आकडे एकमेकांशी भांडतायत. एक सोपी परीक्षा सांगते. गाडीची बॉडी ताठ असते, ती दोन-एक मिलिमीटरच्या पलीकडे पिळत नाही. म्हणून सपाट जमिनीवर डावं पुढचं अधिक उजवं मागचं, आणि उजवं पुढचं अधिक डावं मागचं, या दोन्ही बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. तुमच्या पहिल्या कर्णाची बेरीज उणे ४. दुसऱ्याची उणे १९. पंधरा मिलिमीटरचा फरक! एवढी बॉडी पिळली असती तर तुमचे दरवाजे लागले नसते.

म्हणजे जमीन पिळलेली आहे, मोजमाप चुकलंय किंवा एखादी कमान खोटी आहे. बेसमेंटची फरशी सपाट "दिसते". पाणी नाल्याकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार देतात, आणि तो सगळीकडे एकाच दिशेने नसतो.

खडूस_आजोबा

हे मात्र बरोबर. आमच्या पार्किंगमध्ये चेंडू ठेवला की तो सेक्रेटरीच्या गाडीखाली जातो. सगळ्या कोपऱ्यांतून.

तांबडा_रस्सा

गवंड्याला बोलवा! पारदर्शक नळीत पाणी भरायचं, चार चाकांच्या जागी नळीचं टोक धरून खडूने खुणा करायच्या. याच्यापेक्षा स्वस्त पाणसळ दुसरी नाही, आणि ती खोटं बोलत नाही. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. जमीन सपाट नसेल तर चाकाखाली पत्र्याचे तुकडे घालून जुळवता येतं, पण त्यापेक्षा सरळ अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) रॅकवर गाडी न्या. रॅक लेव्हल केलेला असतो. निदान असायला हवा.

आणि ताईंनी कर्णाचं जे सांगितलं ना, त्याच्यासाठीच बसमध्ये सहसा तीन लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात, चार नाहीत. पुढच्या अॅक्सलला एक, मागच्याला दोन. तीन बिंदूंवर पातळी नेहमी ठरते. चौथा आला की तो बाकीच्या तिघांशी भांडतो, एक बलून फुगून बसतो, समोरचा पिचतो. पुढे एकच व्हॉल्व्ह दोन्ही पुढच्या बलूनना सारखी हवा देतो, झुकायचं की नाही ते मागचे दोघे बघतात. नव्या बसमध्ये ईकॅस (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) आलं, व्हॉल्व्हच्या जागी सेन्सर आले, पण विचार तोच.

धुकं_आणि_चहा

हे वाचून उगाच पुणे-मुंबई शिवनेरीची आठवण आली. थांब्यावर ती व्होल्वो हळूच खाली बसायची. तेव्हा वाटायचं ड्रायव्हर गियर टाकतोय.

पिंपळपान

बॉस, चार बिंदूंचं हे काही लक्षात आलं नव्हतं. आता कळतंय की स्पीडब्रेकरवरून जाताना डावं पुढचं चाक दगडासारखं कडक का लागतं. मला वाटलं शॉकअब्सॉर्बर.

चाकोरीबाहेर

बरोबर ओळखलंत. तुमचा उजवा पुढचा सेन्सर उंची जास्त सांगतोय. कंट्रोलर म्हणतो हा कोपरा वर आहे, आणि त्याची हवा सोडतो. तो कोपरा खाली जाताना ताठ बॉडी मागचा डावा कोपरा वर उचलते आणि मागचा उजवा दाबते. ते मागच्या सेन्सरांना दिसतं, मग कंट्रोलर मागे उलटी दुरुस्ती करायला जातो. शेवटी सगळे आपापल्या सहनशीलतेच्या हद्दीत येऊन थांबतात आणि कंट्रोलर समाधानी होतो. पण वजन डावं पुढचं आणि उजवं मागचं या कर्णावर चढलेलं राहतं. चौरंगाचा एक पाय तोकडा झाला की बाकी पायांचं जे होतं तेच. उंचीत थोडंच दिसतं, दाबात बरंच साठतं.

आता रॅकवर जा. टायरची हवा चारीत नियमाप्रमाणे, डिकी रिकामी, गाडीत कुणी बसलेलं नको. स्टिअरिंग सरळ. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून मग मोजा, म्हणजे टायर आणि बुश यांच्यातला ताण निघून जातो. टेपचा हुक कमानीला अडकवू नका, तो हुक थोडा सरकता असतो. कमानीवर मास्किंग टेपची खूण करा, चाकाच्या केंद्राच्या बरोबर वर, ओळंबा धरून.

आणि एक जादा मोजमाप घ्या: दोन्ही बाजूंच्या सिलखालचे (दरवाजांखालच्या पट्टीचे) जॅक पॉइंट जमिनीपासून किती उंचावर आहेत, पुढे आणि मागे. तुमच्या फेंडरचं सोंग तिथे उघडं पडेल.

निवांत_नाशिक

मध्येच विचारतो. हे सगळं टाळून कॉइल स्प्रिंगचं किट टाकलं तर? बाजारात मिळतात.

तांबडा_रस्सा

मिळतात. आणि मग लिफ्ट मोड गेला, भार भरल्यावर पातळी सांभाळणं गेलं, डॅशबोर्डवर दिवा कायमचा. तो दिवा विझवायला आणखी एक डबी. ज्या गाडीचे स्ट्रट, कम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक सगळंच एकदम गेलंय तिथे मी समजू शकतो. इथे तर हवेला काहीच झालेलं नाही.

पिंपळपान

रॅकवर जाऊन आलो. तिथला मुलगा आधी हसला, मग स्वतःच टेप धरायला आला.

मॅन्युअलच्या तुलनेत, मिमीमध्ये: डावं पुढचं उणे ४. उजवं पुढचं उणे १८. डावं मागचं अधिक ४. उजवं मागचं उणे ४.

कर्ण: एक उणे ८, दुसरा उणे १४. म्हणजे पंधराचा फरक सहावर आला, पण संपला नाही.

सिल: पुढच्या जॅक पॉइंटला उजवी बाजू डावीपेक्षा ८ मिमी खाली. मागच्यालाही जवळपास तेवढीच.

दांडे पाहिले. पलटी खाल्लेला नाही, खुळखुळत नाही. पण उजव्या सेन्सरचा ब्रॅकेट डाव्याच्या तुलनेत थोडा वाकलेला वाटतो, आर्म खोलताना पान्याने ढकलल्यासारखा.

चाकोरीबाहेर

वा, हे आकडे आता शहाण्यासारखे बोलतायत!

मागची चाकं म्हणतायत गाडी उजवीकडे ८ ने झुकली आहे (अधिक ४ आणि उणे ४). सिल पुढे आणि मागे दोन्हीकडे म्हणतंय ८. फक्त पुढच्या कमानी म्हणतायत १४. बॉडी मागे ८ ने आणि पुढे १४ ने झुकू शकत नाही. म्हणजे उजव्या पुढच्या कमानीची कड जिथे असायला हवी त्याच्या ६ मिमी खाली आहे. बदललेला फेंडर! कर्णांच्या बेरजेतही तेच ६ शिल्लक राहिले आहेत.

तेव्हा उजव्या पुढच्या कोपऱ्याची खरी उंची उणे १८ नाही, उणे १२ आहे. कॅलिब्रेशन करताना तिथे टेपच्या आकड्यात ६ मिळवून भरा. बाकी तिन्ही ठिकाणी टेप जे सांगते ते.

ब्रॅकेट वाकलेला आहे, तो आधी सरळ करा किंवा बदला. मग गाडीला परत पातळी घेऊ द्या आणि पुन्हा मोजा, कारण ब्रॅकेट सरळ झाला की सगळेच आकडे बदलतील. कदाचित कॅलिब्रेशनला फारसं काही उरणारही नाही.

खडूस_आजोबा

हा धागा वाचनखूण म्हणून साठवला. अल्टोचा फेंडर मोजायला जातोय.

धुकं_आणि_चहा

पिंपळपान, भरताना एका ठिकाणी लोक हमखास गोंधळतात. सॉफ्टवेअर आत्ताची खरी उंची मागतं, तुम्हाला हवी असलेली नाही. लोक मॅन्युअलमधला आदर्श आकडा भरून मोकळे होतात. कंट्रोलरला वाटतं गाडी आदर्श उंचीवरच आहे, तो काहीच करत नाही, आणि वाकडेपणा अधिकृत होतो.

याचाच गैरफायदा घेऊन आमच्याकडे काही जण मुद्दाम कमी आकडा भरतात, म्हणजे गाडी सगळ्या मोडमध्ये उंच राहते. चिखलात जायला बरं म्हणे. मला पटत नाही. चाकाला खाली जायला जागा कमी उरते, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट कायम जास्त कोनात फिरतात. लिफ्ट मोड कशासाठी दिलाय मग?

पिंपळपान

झालं!

आर्म बसवणाऱ्या गॅरेजकडे परत गेलो नाही. चाकणच्या बाजूला एकजण फक्त एअर सस्पेन्शनचीच कामं करतो, त्याच्याकडे गेलो. त्याने ब्रॅकेट बदलला. मग गाडीने स्वतःच उजवं नाक बरंच वर घेतलं. ते बघायला मजा आली, काही न सांगता हुश्श करून उठली. पुन्हा रॅकवर मोजलं. पुढे अजून थोडा फरक होता, म्हणून कॅलिब्रेशनही केलं.

ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी: व्हीसीडीएसमध्ये ३४ नंबरचं मॉड्यूल, लेव्हल कंट्रोल. प्रवेश कोड टाकावा लागतो. मग अॅडाप्टेशनमध्ये (आकडे शिकवायच्या मेनूत) चार चॅनल, चार कोपऱ्यांचे: डावं पुढचं, उजवं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं. प्रत्येकात मोजलेले मिलिमीटर. पाचव्या चॅनलमध्ये १ भरून पक्कं करायचं. ते पाचवं विसरलं किंवा आकडे अर्धवट राहिले तर ०१४३७ हा कोड येतो, म्हणजे "नियंत्रण स्थिती शिकलेली नाही". मॅन्युअलमधला आदर्श आकडा आपल्या गाडीच्या सस्पेन्शनच्या प्रकाराचाच घ्यायचा, त्यासाठी डिकीतल्या स्टिकरवरचे पीआर कोड (गाडीत कारखान्यातून काय बसवलंय ते सांगणारे) बघायचे. उजव्या पुढच्या कोपऱ्यात ताईंचे ६ मिळवले. चाकणवाल्याला हे सांगितल्यावर तो आधी म्हणाला, "टेपवर आहे तेच भरा." मग त्याने स्वतः सिल मोजली आणि गप्प भरले.

आता चारही कोपरे २ मिमीच्या आत आहेत (उजव्या कमानीचे ६ धरून). डोळ्याला उजवी कमान अजून किंचित खाली दिसते, ती फेंडरची कृपा. डाव्या चाकाचा कडकपणा मात्र गेला. स्पीडब्रेकरवर गाडी एकदम एकसंध उतरते.

तांबडा_रस्सा

मस्त! आता व्हील अलाइनमेंट करून घ्या. उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकाचा कल आणि दिशा) दोन्ही बदलतात. आधी उंची, मग अलाइनमेंट, याच क्रमाने. उलटं केलं तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

चाकोरीबाहेर

आणि हेडलाइट. झेनॉन दिवे असतील तर त्यांचा आपोआप वर-खाली होणारा कोन याच उंचीच्या माहितीवर चालतो. कॅलिब्रेशननंतर दिव्यांची बेसिक सेटिंग करून घ्या, नाहीतर घाटात समोरचा तुम्हाला शिव्या देईल.

पिंपळपान

झेनॉनच आहेत. अलाइनमेंट आणि दिवे दोन्ही करून घेतो. ताई, रस्सा भाऊ, चहावाले, सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं: बॅटरी काढली तर हे सगळं पुसलं जाणार का? पुढच्या महिन्यात बॅटरी बदलायची आहे.

धुकं_आणि_चहा

नाही. कॅलिब्रेशन कंट्रोलरच्या कायमच्या मेमरीत जातं, बॅटरी काढल्याने जात नाही. काचांचं ऑटो, घड्याळ असली किरकोळ मंडळी परत शिकवावी लागतील. मात्र कंट्रोलर बदलला, सेन्सर बदलला, किंवा परत कधी आर्म खोलला, तर पुन्हा टेप हातात. आर्म खोलायच्या आधी सेन्सरच्या ब्रॅकेटचे आणि दांड्याचे फोटो काढून ठेवा, डावे-उजवे दोन्ही.

निवांत_नाशिक

उद्या माझी ई-क्लास रॅकवर. कर्णांच्या बेरजा इथेच टाकतो.